सोलापुरात समुपदेशन करते. जोडप्यांसाठी स्कीमा थेरपी कुठून शिकायला घेऊ?

आधी एकेकट्या माणसासोबतची पद्धत पक्की करा. स्कीमा थेरपीचे जनक जेफ्री यंग यांनी मांडलेले 18 स्कीमा, म्हणजे लहानपणापासून मनात रुजलेले त्रासदायक साचे, पाठ होतात हो, खरी कसोटी 'मोड', म्हणजे त्या क्षणीची मनोवस्था, ओळखण्यात आहे. टॉवेल कारखान्यातून उशिरा आलेला नवरा गप्प बसतो, बायको आवाज चढवते. तो 'अलिप्त रक्षक' मोडमध्ये, ती 'संतप्त बालक' मोडमध्ये. याच्या मुळाशी तिची, आपल्याला कुणी सोडून जाईल ही भीती, त्याची कमीपणाची. हे चक्र दोघांसमोर कागदावर काढता आलं पाहिजे. ते रोल-प्लेशिवाय जमत नाही: सहकाऱ्यांपैकी दोघं जोडपं बना, एकाने थेरपिस्ट व्हा, भांडण मध्येच थांबवून बघा. मला पहिल्यांदा थांबवताच आलं नव्हतं!

आपल्याकडे घरात तेलुगू, कन्नडही बोलतात. बालपणीच्या आठवणींवर काम करताना त्या माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या, अर्थ नंतर विचारा.

प्रमाणपत्रासाठी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्कीमा थेरपीचे निकष पाहा, सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन, ऑनलाइन घ्या. स्वतःचे स्कीमाही तपासा, नाहीतर नकळत एकाचीच बाजू घ्याल. आणि घरात मारहाण चालू असेल तर एकत्र सत्रं नकोत, आधी सुरक्षितता.