कलप सोडताना, आणि दुसऱ्याचा कलप पाहताना

प्रश्न : मी ५४ वर्षांची. गेली २० वर्षं दर महिन्याला केस काळे करते. मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली, तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या. पार्लरवाली म्हणते उष्णता असेल, पुढच्या वेळी अमोनिया नसलेला लावू. मला सोडूनच द्यायचंय. पण गणेश चवथीला सगळं कुटुंब गोळा होणार, आणि जाऊबाई म्हणतात, सासूबाईंपेक्षा म्हातारी दिसशील. — एक वाचक, फोंडा

उत्तर : लक्षणं उष्णतेची वाटत नाहीत, कलपाच्या अॅलर्जीची वाटतात. काळ्या कलपात रंग धरतो तो पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमिन. इतकी वर्षं सोसला म्हणून पुढेही सोसेल असं नसतं. ही अॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उपटते. टाळूची कातडी जाड, पापणीची पातळ, म्हणून सूज आधी तिथे दिसते. अमोनिया केसाचं वरचं आवरण उघडतो, एवढंच. तो नसलेल्या पाकिटातही पीपीडी असू शकतो. ‘काळी मेंदी’ तर हमखास तपासून घ्या.

एकदा असं झाल्यावर कानामागे थेंब लावून ४८ तास पाहण्याची घरगुती चाचणी तुमच्यासाठी नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून करतात ती अॅलर्जीची चाचणी, करून घ्या, रिकामं पाकीट बरोबर न्या. ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर मात्र सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

आता सोडायचं कसं. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे, म्हणजे २५ सेंटिमीटरचे केस पूर्ण पांढरे व्हायला पावणेदोन-दोन वर्षं धरा. खरा त्रास तिसऱ्या ते आठव्या महिन्यातला, जेव्हा भांगालगत सरळ रेघ दिसते. भांग नागमोडी काढला की ती तुटते. दर दोन महिन्यांनी ३ सेंटिमीटर कापत गेलात तर काळा भाग वर्षभरातच बराच उतरेल. चवथीपुरतं झाकायचं असेल तर धुतल्यावर निघणारी रूट पावडर घ्या, तीही घटक वाचून. हायलाइट्स, म्हणजे मधल्या काही बटा फिक्या करणं, सुचवल्या तर विचारा : ब्लीचमध्ये पीपीडी नसतो, पण त्यावर छटा आणायला लावतात त्या टोनरमध्ये तो किंवा त्याच्या जवळचा घटक असू शकतो. नुसत्या मेंदीने पांढरे केस नारिंगी होतात. आवडत असेल तर जरूर. अबोलीची फाती (गजरा) मात्र रुपेरी अंबाड्यावर काळ्यापेक्षा उठून दिसते, हे आमचं मत.

जाऊबाईंना कारणांची यादी देत बसू नका. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर असेल. “असेच ठेवलेत, मला आवडतात. गणपतीवरच्या माटोळीला आंबाड्याची फळं आणली का?” एवढं पुरे.

प्रश्न : मोठी बहीण ६१ वर्षांची. केस काळेकुट्ट, आता भुवयांमध्ये सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शनही घेतलं. मी तोंडाला पावडरसुद्धा लावत नाही. लोक मागून हसतात. तिला स्पष्ट सांगू का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. बोटॉक्सचा परिणाम ३ ते १४ दिवसांत दिसू लागतो आणि ३-४ महिन्यांत ओसरतो. पुढचा डोस घ्यायचा की नाही हे ती ठरवेल. तुम्ही बोलायचं ते पापणी लोंबली, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड गेलं तरच. आणि तेव्हा “सांगितलं होतं ना” न म्हणता लगेच डॉक्टरकडे न्यायचं. पावडरचं वाक्य पत्रात कशाला आलं, ते एकदा स्वतःच वाचून पाहा. “वयाच्या मानाने बरी दिसतेस” हाही टोमणाच.

तिने होऊन विचारलं, “फार काळे दिसतात का गो?” तर खरं सांगा. वयाबरोबर चेहऱ्याचा रंग फिकटतो, त्यावर पाकिटावरच्या १ नंबरचा काळा कडक दिसतो. ३ किंवा ४ नंबरचा तपकिरी मऊ दिसतो, आणि मुळाशी पांढरं आलं तरी इतकं डोळ्यात भरत नाही. मागून हसणाऱ्यांपुढे विषय बदलणं हे तुमचं काम.

प्रश्न : माझे पांढरे केस पिवळट पडतात. — एक वाचक, डिचोली

उत्तर : विहिरीच्या पाण्याने न्हाता का? बादलीला तांबूस कडा धरत असेल तर पाण्यात लोह आहे; ते केसांवर बसतं. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. आठवड्यातून एकदा पिवळेपणा झाकणारा जांभळा शाम्पू, चमचाभर, २-३ मिनिटं. जास्त वेळ ठेवलात तर केस जांभळट होतात. उन्हानेही पिवळेपणा येतो, आणि पांढऱ्या भांगातली टाळू लवकर भाजते, तेव्हा दुपारी छत्री घ्या.