फिनिक्समध्ये घर बघताय? आधी मागचं अंगण कोणत्या दिशेला आहे ते बघा

तुमचा प्रश्न सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा तसाच गार झाला. तुमच्या मिस्टरांना क्वीन क्रीक या उपनगरातलं नवंकोरं दुमजली घर हवंय, चार बेडरूम आणि मागे पूल असलेलं. तुम्हाला मध्य फिनिक्समधलं १९५० च्या आसपासचं, झाडांत लपलेलं एकमजली घर आवडलंय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून मार्चमध्ये येणार, नोकरी फिनिक्सला लागूनच असलेल्या टेम्पीला, आणि तीन आठवड्यांत निर्णय घ्यायचा. उपनगर बरं की शहर यावर वर बऱ्याच जणांनी तावातावाने लिहिलंय. माझी नजर मात्र तुम्ही टाकलेल्या फोटोवरच अडकली. बारा फुटांचा सरकता काचेचा दरवाजा आणि त्याच्यामागे मावळता सूर्य. अगदी असाच दरवाजा बघून आम्ही २०१६ च्या जानेवारीत इथल्याच गिल्बर्ट या उपनगरात घर घेतलं होतं. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

कर्ज, शाळांची रेटिंग्ज, क्लोजिंगचा खर्च हे सगळं तुम्ही न्यू जर्सीत एकदा केलेलं आहे, त्यात शिरत नाही. आणि हेही आधीच सांगते, मी ना रिअल इस्टेट एजंट, ना वकील. जे भोगलं तेवढंच सांगतेय.

मी मूळची नागपूरची. आमचा महालातला वाडा जाड भिंतींचा. मे महिन्यात सकाळी अकरालाच दारं-खिडक्या लागायच्या आणि वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सुरू व्हायचं. त्या वाड्याला पश्चिमेकडे एकही खिडकी नव्हती. ती का नसावी, हा प्रश्न गिल्बर्टचं घर बघताना मला पडायला हवा होता. पडला नाही. जानेवारीतली सकाळ, बाहेर ६८ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले २०, दरवाजा सताड उघडा, अंगणात मोसंबीचं झाड. एजंट म्हणाली, संध्याकाळी इथे बसून सूर्यास्त बघा. आम्ही दुसऱ्या दिवशी ऑफर दिली.

जुलैत दुपारी चारला ऊन त्या काचेतून जे आत यायचं ते साडेसातपर्यंत हलायचं नाही. अॅरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, म्हणून सूर्यास्त पावणेआठच्या सुमाराला. हॉलमधल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. ओट्यावरच्या डब्यातलं तूप त्या दोन महिन्यांत एकदाही थिजलं नाही, आणि एसी तर ७८ वर लावलेला. वरच्या मजल्यावर तोच एसी संध्याकाळी सहाला ८४ च्या खाली यायला तयार नसायचा. आमचा विजेचा प्लॅन तासांप्रमाणे दर बदलणारा होता, आणि सगळ्यात चढे दर नेमके त्याच तासांचे.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण मला ती उशिरा कळली. दक्षिणेचं ऊन इथे त्रास देत नाही. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास ८० अंशांवर, म्हणजे डोक्यावर असतो, त्यामुळे छपराची दोन-तीन फुटांची पुढे आलेली कडसुद्धा दक्षिणेची खिडकी झाकते. पश्चिमेचं ऊन खालून, आडवं येतं. ते नुसत्या वरच्या छपराने पुरतं अडत नाही. ते अडवायला उभं काहीतरी लागतं, झाड नाही तर जाळी. आणि तुम्ही मार्चमध्ये घर बघणार. तेव्हा सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. जूनमध्ये तो इथे साधारण २८ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे मार्चमध्ये सावलीत दिसलेल्या उत्तरेच्या खिडकीवरही जूनमध्ये संध्याकाळी ऊन येणार. सूर्याचा मार्ग दाखवणारी अॅप्स मिळतात, त्यात तारीख २१ जून घालून बघा.

बरं, चुकीची दिशा घेतली ती घेतली, त्यावर उपाय होता. आमचं खरं नुकसान त्या उपायात झालं. ऑगस्टमध्ये आम्ही मागच्या काचांना बाहेरून सोलर स्क्रीन, म्हणजे ऊन अडवणाऱ्या जाळ्या, लावायचं ठरवलं. आमची वसाहत एचओएची, म्हणजे आपल्या सोसायटीसारखीच, पण घराबाहेरच्या रंगापासून झाडाच्या जातीपर्यंत सगळ्यावर नियम. मी त्यांच्या व्यवस्थापन कचेरीत फोन केला. बाई अगदी गोड बोलल्या, “गडद तपकिरी चालतो, बऱ्याच घरांना आहे.” तेवढ्यावर मी ठेकेदाराला २,६०० डॉलर आगाऊ दिले. जाळ्या आमच्या खिडक्यांच्या मापाने कापून आल्या.

सप्टेंबरमध्ये अर्ज भरला. ऑक्टोबरमध्ये परत आला, नकाशात कुंपणापासूनची अंतरं दाखवलेली नाहीत म्हणून. ती दाखवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिला. डिसेंबरमध्ये समितीची बैठकच झाली नाही. जानेवारीत उत्तर आलं, रंग मंजूर यादीत नाही. कचेरीला फोन केला तर म्हणे निर्णय समितीचा. समितीला फोन नाही, पत्ता नाही, फक्त एक पोर्टल, आणि पोर्टलवर टाकलेल्या प्रश्नाला उत्तर कचेरी देणार. फोनवर होकार दिलेल्या बाई तोवर नोकरी सोडून गेलेल्या. मधल्या काळात मी बांबूच्या चिका आणून दोऱ्यांनी बांधल्या होत्या. त्याबद्दल पहिली ताकीद, मग २५ डॉलर दंड, मग ५०. मंजुरी मे महिन्यात आली, फिक्या रंगाच्या जाळीला. मापाने कापलेल्या जुन्या जाळ्यांचे पैसे बुडाले, आणि ठेकेदार उन्हाळ्याच्या गर्दीत असल्यामुळे नव्या जाळ्या लागल्या जूनच्या शेवटी. दुसरा उन्हाळाही निम्मा हातचा गेला. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, अंगावर घामोळं घेऊन रात्र रात्र रडायची. हे लिहितानाही मला राग येतोय. घराला सावली करणं ही इथे हौस नाही, गरज आहे, आणि तिचा निर्णय बैठक कधी भरते यावर लटकलेला.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, घर आवडलं की इन्स्पेक्शनच्या मुदतीतच वसाहतीच्या नियमांची पूर्ण प्रत मागा. घर तपासून बघायची ही मुदत इथल्या नेहमीच्या करारात १० दिवसांची असते. त्यात जाळ्या, पॅटिओचं छप्पर, मागच्या अंगणातली झाडं आणि मंजूर रंग ही पानं स्वतः वाचा, एजंटकडून तोंडी सारांश घेऊ नका. फोनवरच्या होकाराला काडीची किंमत नाही. मंजुरी लेखी हातात पडेपर्यंत ठेकेदाराला एक डॉलर देऊ नका. सौर पॅनेलला एचओए सरसकट मनाई करू शकत नाही असा राज्याचा कायदा आहे. बाकी प्रत्येक वसाहतीचं वेगळं, तेव्हा माझ्यावर विसंबू नका.

आता तुमचा मूळ वाद. वर एकांनी लिहिलंय की उपनगरातली बेज रंगाची, एकाच साच्यातली घरं म्हणजे जीव नसलेली वस्ती. मला हे पटत नाही. फिकट गिलावा ऊन परतवतो, नवीन घराचं इन्सुलेशन आणि दुहेरी काच खरोखर काम करते. माझी तक्रार वेगळी आहे. नवीन वसाहतीत अंगणभर खडी, सहा फुटी ब्लॉकच्या भिंती, काळे रुंद रस्ते आणि हाताएवढ्या जाडीची रोपं. खडीने पाणी वाचतं हे खरं, पण झाडाविना नुसती खडी रात्रभर उष्णता ओकत राहते. पालो व्हर्दे किंवा मेस्किट ही इथली वाळवंटी झाडं ठिबकवर लावा, वाढायला वेळ लागतो, पण सावली पडली की फरक कळतो.

आणि जुनं घर म्हणजे आपोआप थंड, हाही गैरसमज सोडा. मलाही वाड्यामुळे तसंच वाटायचं. जाड भिंत दिवसाची उष्णता शोषते आणि रात्री सोडते, पण त्यासाठी रात्र थंड व्हावी लागते. १९ जुलै २०२३ ला फिनिक्सचं किमान तापमान ९७ फॅरनहाइट होतं, म्हणजे ३६ सेल्सियस, तेही रात्रीचं. त्या वर्षी ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ११० ला, आपल्या ४३ ला, किंवा त्याच्या वर गेला होता. अशा रात्रीत इन्सुलेशन नसलेली १९५० ची ब्लॉकची भिंत पहाटेपर्यंत गरम राहते. छतावर जुना कूलर दिसला तर हुरळून जाऊ नका. आपल्या नागपूरच्या कूलरचंच तत्त्व, मे-जूनच्या कोरड्या हवेत झकास, जुलैत मान्सूनची दमट हवा आली की निकामी.

जुन्या भागाचं खरं बळ झाडांत आहे. माझी एक मैत्रीण अशा घरात राहते जिथे अजून कालव्याचं पाणी अंगणात सोडतात. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी तिची पाळी येते, कधी रात्री दोनला. मग ती गमबूट घालून, टॉर्च घेऊन झडप उघडायला जाते, शेतात दारं धरतात तसं. अर्ध्या फुटाच्या बांधाआत सगळं अंगण पाण्याने भरतं. पेकान आणि संत्र्याची मोठी झाडं त्याच पाण्यावर उभी आहेत, आणि तिच्या गल्लीत शिरताच हवा बदललेली जाणवते. पण प्रत्येक जुन्या घराला हा हक्क नसतो. तुम्हाला आवडलेल्या घराला आहे का, नळ्या कुणी दुरुस्त करायच्या, हे विचारून घ्या. शिवाय जुने ड्रेनेजचे पाइप कॅमेरा घालून तपासल्याशिवाय सही करू नका.

क्वीन क्रीकबद्दल पाण्याचंही बघा. जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं की फिनिक्स परिसरात फक्त भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना १०० वर्षं पुरेल एवढं पाणी असल्याचं प्रमाणपत्र मिळणार नाही. आधी प्रमाणपत्र मिळालेल्या वसाहतींना ते लागू नाही, त्यामुळे घाबरू नका, पण तुमची वसाहत कोणत्या गटात हे बिल्डरकडून लेखी घ्या.

सुचेल तसं आणखी थोडं: कौलांचं छप्पर पन्नास वर्षं टिकतं असं सांगतील, पण कौलांखालचा कागद वीस-पंचवीस वर्षांत जातो, त्याचं वय विचारा. विकणाऱ्याकडून मागच्या जुलै-ऑगस्टची विजेची बिलं मागा. जांभळ्या उजेडाचा टॉर्च घेऊन रात्री एकदा अंगणाची भिंत बघा, विंचू त्यात हिरवे चमकतात. जुलैत गार पाण्याचा नळही गरमच पाणी देतो, बाळाला आंघोळ घालताना आधी हात घालून बघा. कढीपत्ता मात्र इथे मस्त येतो, जानेवारीच्या दोन-चार गारठ्याच्या रात्री जुनी चादर टाकली की पुरे.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय, असं विचाराल म्हणून सांगते. चँडलर किंवा दक्षिण टेम्पीत १९९० च्या आसपासचं एकमजली घर, मागचं अंगण उत्तरेला, पश्चिमेच्या भिंतीला गॅरेज आणि निदान दोन वाढलेली झाडं. क्वीन क्रीकहून टेम्पीला रोज जाण्यातला वेळही वाचेल. तुमच्या मिस्टरांना पूल हवा असेल तर या भागातल्या बऱ्याच घरांना तो आहेच. हे माझं मत, पटलं नाही तरी वाईट वाटणार नाही.

फोटोतल्या घराचा पत्ता इथे जाहीर टाकू नका, पण नकाशावर बघून तेवढं सांगा, तो काचेचा दरवाजा पश्चिमेला आहे की वायव्येला? आणि वसाहतीची नियमावली मिळाली की रंगांचं पान मला निरोपात पाठवा, मी वाचून सांगते.