पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवत वायरलेस सिक्युरिटीत संशोधन करता येतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. वायरलेस सिक्युरिटीतली पीएचडी संपत आली आहे आणि शिकवण्याची नोकरी समोर आहे, पण तिथे पहिल्या वर्षाचं सी प्रोग्रामिंग गळ्यात पडणार. मग संशोधन मागे पडेल का, ते टाळून स्वतःच्या विषयाचा इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) मागावा का, आणि कॉलेजात उपकरणं नसतील तर काय करायचं.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून माझं भांडण झालेलं आहे. इलेक्टिव्ह मागू नका. सी प्रोग्रामिंग मागून घ्या, आणि तेही प्रॅक्टिकलच्या बॅचेससकट.

मी रुजू झाले तेव्हा वर्कलोड वाटपाच्या मीटिंगमध्ये एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पहिल्या वर्षाला काय, कोणीही शिकवेल, मॅडम नवीन आहेत, त्यांना द्या. नेटवर्क सिक्युरिटीचा इलेक्टिव्ह त्यांनी स्वतःकडे ठेवला. मी तेव्हा गप्प बसले, पण मनातून ते गेलं नाही. पुढे मी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम ओळ न् ओळ वाचते हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणाले, "आउटपुट बरोबर आलं की मार्क द्यायचे आणि मोकळं व्हायचं. संशोधन करायचंय ना तुम्हाला?" त्यांच्या लेखी ही दोन वेगवेगळी कामं होती आणि एकाचा वेळ दुसरं खात होतं. माझा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. तो सविस्तर सांगते, कारण असा सल्ला तुम्हालाही मिळणार आहे.

माझ्या प्रॅक्टिकलमध्ये एक असाइनमेंट असते, कोड टाकून उघडणाऱ्या कुलपाची. तीन अवस्था असतात: बंद, तपासणी, उघडं. फाइलमधून एकेक संदेश वाचायचा, 'सुरू' आला की तपासणीच्या अवस्थेत जायचं, तीन वेळा कोड चुकला की कुलूप अडकवायचं, म्हणजे पुढचा कोड घ्यायचाच नाही. स्विच-केस, म्हणजे प्रत्येक स्थितीसाठी वेगळा कोड चालवणारी रचना, शिकवून झाली की हे कोणालाही जमतं, आणि बहुतेकांचं आउटपुट पहिल्याच दिवशी बरोबर येतं. मग मी त्यांना न दाखवलेली फाइल लावते. त्यात 'सुरू' हा संदेश दोनदा येतो, दुसऱ्यांदा मध्येच, दोन प्रयत्न चुकून झाल्यावर. आणि प्रोग्राममागून प्रोग्राम तेच करतो: 'सुरू' आला म्हणून चुकलेल्या प्रयत्नांचा काउंटर पुन्हा शून्य. म्हणजे दर दोन प्रयत्नांनंतर 'सुरू' पाठवत राहिलं की ते कुलूप कधीच अडकत नाही. ही चूक हुशार मुलंही करतात, आळशीही करतात. असाइनमेंटमध्ये 'सुरू आल्यावर काउंटर शून्य करा' असं लिहिलेलं असतं, आणि ते त्याप्रमाणे करतात. तोच संदेश पुन्हा आला तर काय, हे तिथे लिहिलेलं नसतं.

तुम्ही या क्षेत्रातले आहात, त्यामुळे हे कुठे चाललंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. २०१७ साली मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स या संशोधकांनी जाहीर केलेला वाय-फायवरचा 'क्रॅक' हल्ला नेमका हाच आहे. चार टप्प्यांच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणीच्या वेळच्या संदेशांच्या देवाणघेवाणीत, तिसरा संदेश आला की क्लायंट (जोडला जाणारा फोन किंवा लॅपटॉप) एन्क्रिप्शनची किल्ली, म्हणजे 'की', बसवतो आणि चौथा संदेश पाठवतो. चौथा पोचलाच नाही तर वाय-फाय राउटर म्हणजेच अ‍ॅक्सेस पॉइंट तिसरा पुन्हा पाठवतो, आणि क्लायंट तीच की पुन्हा बसवतो. बसवताना पॅकेट नंबर मूळ किमतीवर येतो, नॉन्स (त्या नंबरपासून बनणारा, एकदाच वापरायचा आकडा) पुन्हा वापरला जातो, तीच की-स्ट्रीम (संदेश झाकणारी बिटांची माळ) दुसऱ्यांदा बाहेर पडते. हल्लेखोराला पासवर्ड लागत नाही, एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत फोडावी लागत नाही. दोघांच्या मध्ये राहून चौथा संदेश अडवून धरला की पुरे.

त्याहून बोलकी गोष्ट त्या वेळच्या लिनक्स आणि अँड्रॉइडवरची. डब्ल्यूपीए सप्लिकंट या वाय-फाय जोडणाऱ्या प्रोग्रामच्या २.४ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये की एकदा बसवून झाली की मेमरीतून पुसली जात होती. चांगली सवय आहे, मीही मुलांना तेच शिकवते. पण तिसरा संदेश पुन्हा आल्यावर तोच कोड पुन्हा चालायचा आणि पुसलेल्या जागेवरून सगळी शून्यं असलेली की उचलून बसवायचा. सुरक्षेसाठी केलेली साफसफाई आणि दुसऱ्यांदा आलेला संदेश, दोन्ही एकत्र आले आणि एन्क्रिप्शन नावापुरतं उरलं.

आणि हे सगळं गणिती सिद्धता असलेल्या प्रोटोकॉलमध्ये घडलं. ८०२.११आय या वाय-फाय सुरक्षेच्या मानकातल्या हँडशेकची औपचारिक सिद्धता २००५ सालीच प्रसिद्ध झाली होती. ती सिद्धता चुकीची नव्हती. की गुप्त राहते हे तिने दाखवलं आणि ती गुप्तच राहिली. की नेमकी कधी आणि किती वेळा बसवायची हे त्या मॉडेलमध्ये नव्हतंच. माझ्या असाइनमेंटच्या कागदावर जे लिहायचं राहतं, तेच तिथे राहिलं होतं.

हे त्यांना कसं सापडलं, हे व्हॅनहूफ यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याच एका पेपरची शेवटची प्रत तयार करताना ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड, आधी अनेकदा वाचलेलाच, पुन्हा बघत होते. की बसवणाऱ्या फंक्शनच्या ओळीवर नजर थांबली आणि मनात आलं की हे फंक्शन दोनदा बोलावलं गेलं तर काय होईल. त्यांना पीएचडी मिळून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मोठी लॅब, महागडा रेडिओ, सिम्युलेशनचा डोंगर यातलं काही त्या क्षणाला लागलं नाही. कोड वाचायची सवय लागली, आणि एक प्रश्न.

आता माझं. मी छोट्या सेन्सरांच्या रेडिओसाठी लिहिलेल्या एका ओपन सोर्स स्टॅकवर, म्हणजे नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवर, काम करत होते. नेटवर्कमध्ये सामील व्हायची विनंती, तिला उत्तर, मग की तयार, असा साधा क्रम होता. ते सेमिस्टर मी कुलपाचे प्रोग्राम तपासण्यात घालवलं होतं, त्यामुळे कोणतंही स्विच-केस दिसलं की माझी नजर आधी 'पुन्हा तोच संदेश' या जागेवर जायची. त्या कोडमध्येही गेली. सामील होण्याचं उत्तर दुसऱ्यांदा आलं की फ्रेम काउंटर (पाठवलेल्या फ्रेमची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, मोजणी) शून्य होत होता, की मात्र तीच राहत होती. ८०२.१५.४ या छोट्या रेडिओंच्या मानकात नॉन्स त्या काउंटरपासून बनतो, त्यामुळे इथेही नॉन्स पुन्हा वापरला जात होता. ज्यांनी तो स्टॅक लिहिला होता त्यांना कळवलं, त्यांनी दुरुस्त केलं, माझा पेपर त्यावर झाला.

विभागातल्या सेमिनारमध्ये मी हे मांडलं तेव्हा तेच ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की नशिबाने सापडलं. मी तिथे जे म्हटलं तेच इथे लिहिते. नशीब असतं तर सापडायच्या आधी मला ती जागा माहीत नसती. मला माहीत होती. माणसं कोड लिहिताना कुठे चुकतात याचा नमुना माझ्यापुढे दर आठवड्याला येतो, आणि फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलं सॉफ्टवेअर, लिहिणारा इंजिनिअर हा काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात बसलेला मुलगाच असतो. इलेक्टिव्हच्या वर्गात मी ८०२.११डब्ल्यू हे मानक कधी आलं आणि डब्ल्यूपीए३ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत काय बदललं हे स्लाइडवरून सांगितलं असतं. मुलांनी ते पाठ केलं असतं, मला नवीन काही दिसलं नसतं. जे स्वतः अनेक वर्षांत कोडची एक ओळ वाचत नाहीत आणि तरी सुरक्षा शिकवतात, त्यांनी पहिल्या वर्षाला हलकं काम म्हणू नये.

उलट बाजूनेही फायदा होतो. संशोधनातलं पहिल्या वर्षात नेता येतं, फक्त नाव न सांगता न्यायचं. एक्सॉर (दोन बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०) शिकवताना मी एकाच की-स्ट्रीमने झाकलेली दोन इंग्रजी वाक्यं देते आणि दोन्ही सायफरटेक्स्टचं, म्हणजे झाकलेल्या मजकुरांचं, एक्सॉर करायला सांगते. की-स्ट्रीम कटते हे त्यांना बीजगणितातून कळतं, पण त्यानंतर मजा येते. अ‍ॅस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकडी कोडमध्ये, स्पेसची किंमत ३२, आणि कोणत्याही अक्षराचं ३२ शी एक्सॉर केलं की लहानाचं मोठं, मोठ्याचं लहान अक्षर होतं. त्यामुळे उत्तरात जिथे सरळ अक्षर दिसतं तिथे बहुधा एका वाक्यात स्पेस आहे आणि दुसऱ्यात तेच अक्षर, केस बदललेलं. एवढ्या धाग्यावर मुलं दोन्ही वाक्यं उलगडत नेतात. मग मी सांगते की १९९७ च्या मूळ वाय-फायमधल्या वेप या सुरक्षा पद्धतीचा आयव्ही (नॉन्ससारखाच दर पॅकेटला बदलणारा आकडा) अवघा २४ बिटांचा होता, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास किमती, आणि गजबजलेल्या नेटवर्कवर त्या संपायला वेळ लागत नाही. नॉन्स पुन्हा का वापरायचा नाही, हे त्या बॅचला परत सांगावं लागत नाही.

स्ट्रिंगची तुलना शिकवताना पहिल्या वेगळ्या अक्षरावर लूप थांबतो हे दाखवते आणि विचारते की वेळ मोजून पासवर्डबद्दल काही कळेल का. २०१९ मध्ये डब्ल्यूपीए३ वर झालेल्या 'ड्रॅगनब्लड' संशोधनात व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी याच जातीची गळती दाखवली होती. पासवर्डपासून गणिती घटक काढणारा लूप किती वेळा फिरतो, हे काही गणिती गटांत बाहेरून वेळ मोजून कळत होतं.

वेळेचं म्हणाल तर, पहिल्या दोन सेमिस्टरना पेपर होणार नाही असं धरून चाला. परीक्षेच्या आठवड्यात संशोधन थांबतं आणि कॉन्फरन्सच्या तारखा तुमचं वेळापत्रक बघत नाहीत. मी आठवड्यातला एक सबंध दिवस प्रॅक्टिकल लावू देत नाही, त्यासाठी दर सेमिस्टरला बोलावं लागतं आणि मी बोलते. माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो समित्यांनी आणि फाइलींनी. तिथे 'नाही' म्हणायला शिका, वर्गात नको.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझं काम प्रोटोकॉल आणि कोडच्या पातळीवरचं आहे. तुमचं फिजिकल लेयरचं असेल, म्हणजे जॅमिंग किंवा रेडिओच्या सिग्नलवरून उपकरण ओळखणं, तर सी प्रोग्रामिंगचा फायदा एवढा थेट होणार नाही. तुम्हाला सिग्नल प्रोसेसिंगचा वर्ग जास्त उपयोगी पडेल. दुसरं, बॅच इतकी मोठी असेल की प्रोग्राम वाचणं शक्यच नाही, तर माझा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो. नोकरी स्वीकारण्याआधी बॅचमध्ये किती मुलं असतात हे विचारा, पगाराइतकंच स्पष्ट विचारा. तिसरं, सापडलेली त्रुटी दुरुस्त होईपर्यंत वर्गात तोंड उघडायचं नाही. 'क्रॅक'ची माहिती उत्पादकांना २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गेली आणि जगाला १६ ऑक्टोबरला कळली. मधले महिने मुलांसमोर उभं राहून ते न सांगणं किती कठीण असतं, ते मला माझ्या छोट्या कामावरूनही कळलं. आणि विद्यार्थ्यांना फ्रेम पकडून दाखवणार असाल तर फक्त स्वतःच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर, स्वतःच्या उपकरणांत, लेखी परवानगी घेऊन. शेजारच्या नेटवर्कमधली एक डीऑथ (जोडणी तोडणारी) फ्रेमसुद्धा नको. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि नसता तरी तो दुसऱ्याच्या कामात घातलेला अडथळा आहे.

उपकरणांची काळजी करू नका. मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकणं) आणि इंजेक्शन (स्वतः बनवलेल्या फ्रेम सोडणं) दोन्ही चालणारं एखादं यूएसबी कार्ड पुढेमागे लागेल, पण सुरुवातीला तेही लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल आहे. ते लोड केलं की एकाच मशीनवर हवे तेवढे खोटे वाय-फाय रेडिओ उभे राहतात. एकावर होस्टएपीडी (राउटरचं काम करणारा प्रोग्राम), दुसऱ्यावर डब्ल्यूपीए सप्लिकंट चालवा आणि हँडशेक वायरशार्क या फ्रेम दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघा. चौथा संदेश गाळायचा, तिसरा पुन्हा पाठवायचा, क्लायंटच्या कोडमध्ये काय होतं ते डीबगरने ओळीओळीने तपासायचं, हे सगळं हवेत एकही फ्रेम न सोडता होतं. मी अजूनही प्रत्येक नवी कल्पना आधी तिथेच तपासते, आणि पदव्युत्तरच्या माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला महिना त्यावरच जातो.