आधी तक्रारीचा फॉर्म, मग कोर्ट

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासच्या राज्य तुरुंगात शिक्षा भोगतोय. त्याची दाढ दुखत होती, आता गाल सुजलाय, रात्री तापही येतो. वैद्यकीय विभागाला चिठ्ठ्या दिल्या, तरी डेंटिस्टकडे नेलेलं नाही. ‘तक्रार केलीस तर जड जाईल’ असं एका पहारेकऱ्याने बजावल्यामुळे तो गप्प बसलाय. कैद्याला कोर्टात काही हक्क असतात का? त्याच्या वतीने मी दावा लावू शकते का?
– एक आई, ह्यूस्टन

उत्तर : ताई, सूज आणि ताप दोन्ही आहेत, तेव्हा कोर्टाचं नंतर बघू. आजच त्याच्या तुरुंगाच्या प्रमुखाच्या, म्हणजे वॉर्डनच्या, कार्यालयात आणि वैद्यकीय विभागात फोन करा. कोणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा. मुलाच्या सहीशिवाय ते तुम्हाला त्याची वैद्यकीय माहिती देणार नाहीत, पण तुम्ही सांगाल ते ऐकून घ्यायला सही लागत नाही. संमतीपत्रावर सही करायला त्याला सांगा. तपासणीचे १३.५५ डॉलर त्याच्या खात्यावर लागतील, या भीतीने तो मागे राहत असेल तर तेही बोला. खात्यात पैसे नाहीत म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आता हक्काबद्दल. तो आहे, आणि तुमच्याच राज्यातल्या एका कैद्याच्या खटल्यातून तो पक्का झालाय. १९७३ मध्ये जे. डब्ल्यू. गॅम्बल ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवत असताना एक गाठ अंगावर पडली आणि त्याची पाठ दुखावली. त्याने हाताने लिहिलेली तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हे अमेरिकी राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीचं (क्रूर शिक्षेला मनाई) उल्लंघन आहे, असं कोर्टाने १९७६ मध्ये ठरवलं. पण डॉक्टरविरुद्धचा गॅम्बलचा स्वतःचा दावा टिकला नाही. तीन महिन्यांत त्याला १७ वेळा तपासलं होतं. एक्स-रे काढला नाही, हा फार तर वैद्यकीय हलगर्जीपणा, घटनेचा भंग नव्हे, असं कोर्ट म्हणालं. म्हणून ‘उपचार चांगला नाही’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला चिठ्ठी दिली, कोणाला सूज दाखवली, तो काय म्हणाला, त्यानंतर किती दिवस कोणी फिरकलं नाही, हे सगळं कागदावर हवं.

दावा तुम्हाला लावता येणार नाही. तो सज्ञान आहे. त्याने स्वतः लावावा किंवा वकिलाने. अशा दिवाणी दाव्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. मात्र तुरुंगाने दुसरी मदत दिली नसेल, तर कायद्याची जाण असलेल्या सहकैद्याकडून अर्ज लिहून घ्यायला तुरुंग आडकाठी करू शकत नाही. हे १९६९ पासून कायम आहे.

खरी मेख इथेच आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे कैद्याने आधी तुरुंगातली तक्रारप्रक्रिया शेवटपर्यंत पार पाडलेली असली पाहिजे, नाहीतर कोर्ट दावा ऐकतच नाही. मुदत चुकली तर तक्रार कितीही खरी असो, दार बंद. कॅलिफोर्नियाच्या एका कैद्याने १५ कामाच्या दिवसांची मुदत ओलांडून तक्रार दिली होती. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला हेच ऐकवलं. मला हा नियम निर्दय वाटतो. तापाने फणफणलेल्या माणसाकडून मुदतींचा हिशेब मागणं न्यायाचं नाही. पण नियम आहे आणि त्याच्या आतच आपल्याला लढायचंय.

टेक्सासमध्ये पहिल्या पायरीचा फॉर्म घटनेपासून १५ दिवसांत द्यायचा असतो. आधी साध्या विनंतीअर्जाने सोडवायचा प्रयत्न केला होता, हे त्यात नमूद करावं लागतं. उत्तर समाधानकारक नसेल तर आणखी १५ दिवसांत दुसरी पायरी. उपचार अजूनही नाकारले जातायत, तेव्हा त्याने आजचीच तारीख घालून फॉर्म भरावा आणि मजकूर स्वतःजवळ दुसऱ्या कागदावर उतरवून ठेवावा. पुढे कोर्टाची ३५० डॉलर फी गरीब कैद्यालाही माफ होत नाही, खात्यातून हप्त्याने कापतात.

आणि ती धमकी. ती खोटी नसते, हे मला ठाऊक आहे. तक्रार केल्याबद्दल कैद्याला त्रास देणं हा घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा (बोलण्याचं, दाद मागण्याचं स्वातंत्र्य) वेगळा भंग आहे. पण म्हणून त्याची भीती जात नाही. फोनवर यावर बोलू नका, ते कॉल रेकॉर्ड होतात. भेटीला जाल तेव्हा समोर बसून त्याला सांगा, की पहारेकऱ्याचं वाक्य, तारीख आणि जवळ कोण होतं, हे वेगळ्या फॉर्मवर लिही. दाढेच्या तक्रारीत ते मिसळू नको.