तापमान वाढतंय, मग मध्य भारतात एकूण पाऊस घटून अतिवृष्टी का वाढली?

कारण पाऊस नुसत्या उष्णतेवर ठरत नाही, वारा कुठून किती बाष्प आणतो यावर ठरतो.

हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. एवढंच गणित असतं तर सगळीकडेच पाऊस वाढला असता. पण मोसमी वारे चालतात ते जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. गेल्या शतकात पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. उपखंडाची जमीन मात्र त्या मानाने कमी तापली (हवेतल्या धुरकट कणांचाही यात हात आहे). फरक कमी झाला, वाऱ्यांचा जोर ओसरला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारतातला एकूण पाऊस घटला.

मग अतिवृष्टी कशी? इथे खरी गंमत आहे. उत्तर अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे आता जास्त लहरी झालेत. मधूनच उसळी मारून ते तापलेल्या समुद्रावरचं बाष्प एकदम आत ढकलतात आणि दोन-तीन दिवसांत धो धो कोसळतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या अशा विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

म्हणून ‘यंदा सरासरी गाठली’ या बातमीवर मी फारसा विसंबत नाही. पाऊस मोजक्याच दिवसांत कोसळून बाकी दिवस कोरडे गेले, तर सरासरी गाठूनही पेरणी करपते.