‘कबरा’ म्हणजे करडाच ना? जनावराचा रंग लिहिताना कोणता शब्द वापरावा?

नाही. करडा हा एक रंग आहे. कबरा हा एक रंगच नव्हे. अंगावर दोन रंगांचे वेडेवाकडे डाग असले की जनावर कबरं. पांढऱ्यावर काळे असोत की तांबडे. मूळ संस्कृत ‘कर्बुर’, त्याचाही अर्थ रंगीबेरंगी, ठिपक्यांचा.

प्रश्न वाचून डोकं उठलं, कारण हाच वाद माझा मेव्हण्याशी अजून चालू आहे. आमच्या गायीच्या विम्याचा अर्ज त्याने भरला. मी म्हटलं, रंग कबरा लिही. त्याला तो शब्द गावठी वाटला, म्हणून साहेबांनी ‘शुद्ध’ करून ‘करडा’ लिहिलं. गाय पांढरीफेक, मानेपासून खांद्यापर्यंत काळा पट्टा, मागच्या मांडीवर पंजाएवढा डाग. करडा केस औषधालाही नव्हता! पुढे पावसाळ्यात घटसर्पाने ती गेली. दावा केला, तर विमावाले अर्ज आणि मेलेल्या गायीचा फोटो शेजारी ठेवून विचारतात, ही तीच गाय कशावरून? कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर जुळला म्हणून पैसे सुटले, पण दाखले गोळा करण्यात हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला. मेव्हण्याचं एकच पालुपद, “दाजी, अर्थ एकच की हो.”

एकच कसा? डांगी जातीची जनावरं पाळणारे पांढऱ्या अंगावर थोडे काळे डाग असले तर ‘पारा कबरा’ म्हणतात, काळं जास्त असलं तर ‘बहाळा’. देवणी जातीत अशा डागाळ गायीला ‘शेवरा’ म्हणतात. ज्यांचं पोट जनावरांवर आहे ते इतकं बारकाईने बघतात, आणि हा शहाणा सगळ्यांना करड्यात ढकलतो.

बोलताना कबरा बिनधास्त वापरा. कुत्रं, मांजर, कोंबडी, सगळ्यांना चालतो. काही भागांत यालाच बांडा म्हणतात, तेही बरोबर. माणसाला मात्र नको. कोड असलेल्याला कोणी तसं म्हणालं तर ती शिवीच.

आणि हो, अर्जात नुसतं ‘कबरा’ही पुरत नाही. ‘पांढरी, मानेवर काळा पट्टा, मागच्या उजव्या मांडीवर डाग’ असं फोडून लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. आणि अर्ज स्वतः भरा, मेव्हण्याच्या हाती देऊ नका.