मेक्सिकन फुटबॉल स्ट्रायकर राऊल हिमेनेझची कवटी फ्रॅक्चर झाली होती, मग तो परत टॉप लेव्हलला कसा आला? आणि आता तो पूर्वीसारखाच प्लेयर आहे का?

परत आला हे खरं आहे, पण लोक समजतात तसा एका मॅचमध्ये नाही आला. त्याला जवळपास चार वर्षं लागली आणि त्यातली मधली दोन वर्षं इतकी वाईट होती की कट्टर फॅन्सनी पण आशा सोडलेली. मी वुल्व्हज हा इंग्लिश क्लब बघताना त्याला फॉलो करायला लागलो आणि नंतर त्याने क्लब बदलला तरी त्याच्या मॅचेस बघणं काही सुटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही, पूर्वीसारखा नाहीये, वेगळा झालाय, आणि मला वाटतं त्यामुळेच टिकला.

आधी थोडं मागचं, कारण ते कळल्याशिवाय इंजुरीने त्याचं नेमकं काय नेलं ते कळत नाही. हिमेनेझचा जन्म 1991 चा, मेक्सिकोतल्या इदाल्गो राज्यातल्या तेपेही देल रिओचा. क्लब अमेरिका या मेक्सिको सिटीच्या मोठ्या क्लबमधून 2011 मध्ये सीनियर टीममध्ये आला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकला ब्राझीलला फायनलमध्ये 2-1 हरवून गोल्ड जिंकलेल्या मेक्सिकोच्या टीममध्ये तो होता (त्या फायनलचे दोन्ही गोल ओरिबे पेराल्ताचे). 2013 ला क्लब अमेरिकासोबत लीग टायटल, ती क्रूझ आझूलविरुद्धची फायनल कुठे सापडली तर बघाच, टीम दहा जणांवर आलेली, अॅग्रीगेटवर (फायनलच्या दोन्ही मॅचेसचे गोल मिळून) दोन गोलने मागे, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन्ही गोल फेडले, त्यातला दुसरा चक्क गोलकीपर मोइसेस मुन्योझच्या हेडरने आला, मग पेनल्टीवर जिंकले.

पण मेक्सिकोत त्याचं नाव घराघरात गेलं ते ऑक्टोबर 2013 ला. वर्ल्ड कप क्वालिफायिंगमध्ये मेक्सिकोची हालत खराब होती, अझटेका स्टेडियमवर पनामासोबत 1-1 चालू होतं, म्हणजे 2014 चा वर्ल्ड कप हातातून जवळपास गेलेला. हिमेनेझ सब म्हणून आला आणि 85 व्या मिनिटाला बॉक्सच्या कडेला गोलकडे पाठ करून बॉल घेतला, आणि तसाच उलटा उडून बायसिकल किक मारली. त्या एका गोलने मेक्सिकोचं स्वप्न जिवंत राहिलं. पुढच्या मॅचला ते कोस्टा रिकाकडून हरले, पण तिकडे अमेरिकेने पनामाला इंजुरी टाइममध्ये हरवलं म्हणून मेक्सिकोला प्लेऑफ मिळाला आणि न्यूझीलंडला हरवून ते गेले ब्राझीलला. 22 वर्षांच्या पोराने एवढ्या प्रेशरमध्ये साधा शॉट मारायचा विचार केला असता तरी कोणी काही बोललं नसतं.

नंतरची युरोपमधली चार वर्षं मात्र मनासारखी गेली नाहीत. 2014 ला अॅटलेटिको माद्रिदला गेला, तिथे अख्ख्या लीग सीझनमध्ये एक गोल. मग पोर्तुगालच्या बेनफिकाला, तिथे 2015-16 आणि 2016-17 अशी दोन लीग टायटल्स जिंकली, बायर्न म्युनिकविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला गोल पण केला, पण बराच वेळ बेंचवरून उतरणारा प्लेयर हीच ओळख राहिली. म्हणजे 27 वर्षांचा झाला तरी युरोपमध्ये कुठल्याच क्लबचा तो पहिल्या पसंतीचा स्ट्रायकर नव्हता. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याचा बहर मुळात उशिरा आला.

2018 ला वुल्व्हज नुकतेच प्रीमियर लीगमध्ये वर आलेले, कोच नुनो एस्पिरितो सान्तो, आणि हिमेनेझ तिथे लोनवर आला. पहिल्याच मॅचला एव्हर्टनविरुद्ध हेडरने गोल. त्या सीझनला लीगमध्ये 13 गोल, पुढच्या सीझनला 17, आणि सगळ्या स्पर्धा धरून त्या दुसऱ्या सीझनला 27. टीम दोन्ही वेळा सातवी आली, युरोपा लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेली. पण नुसते गोल सांगून त्याचा गेम कळत नाही. मागून लांब बॉल यायचा, तो सेंटर बॅकला पाठीवर घेऊन बॉल खाली उतरवायचा आणि एका टचमध्ये दियोगो जोटाला नाहीतर अदामा ट्राओरेला मोकळं करायचा. ट्राओरे उजवीकडून पळणार, क्रॉस टाकणार आणि हिमेनेझ मागच्या पोस्टवर हेडरला हजर, हे इतक्या वेळा झालंय की समोरच्या टीमला माहीत असून थांबवता येत नव्हतं. 2019 च्या एफए कप सेमी फायनलला वेम्बलीवर गोल मारून त्याने मेक्सिकन कुस्तीगीरांचा मास्क घातला होता तो फोटो तुम्ही पाहिला असेल (ती मॅच वॉटफर्डने एक्स्ट्रा टाइममध्ये 3-2 जिंकली). त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोने गोल्ड कप (उत्तर, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या देशांची स्पर्धा) जिंकला, फायनलच्या एकमेव गोलला जोनाथन दोस सान्तोसला टाचेने पास दिला तो यानेच, आणि स्पर्धेचा बेस्ट प्लेयर पण हाच. ती टाच लोक विसरतात, मला तरी ती त्याच्या बऱ्याचशा गोलपेक्षा भारी वाटते.

आता 29 नोव्हेंबर 2020. एमिरेट्सवर, म्हणजे आर्सेनलच्या मैदानावर, आर्सेनलशी मॅच, स्टेडियम कोविडमुळे रिकामं, पाचवं मिनिट. आर्सेनलचा कॉर्नर होता, हिमेनेझ डिफेन्ड करायला मागे आलेला, डेव्हिड लुईझ आणि तो एकाच बॉलला उडाले आणि डोकं डोक्यावर आदळलं. प्रेक्षक नसल्यामुळे तो आवाज टीव्हीवर स्पष्ट ऐकू आला, ज्यांनी लाइव्ह पाहिलं त्यांना अजून आठवतो. दहा मिनिटं खेळ थांबला, स्ट्रेचरवरून ऑक्सिजन लावून त्याला नेलं, हॉस्पिटलमध्ये कवटीचं फ्रॅक्चर निघालं आणि लगेच ऑपरेशन झालं. जिवाला धोका होता हे क्लबच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हिमेनेझने स्वतः सांगितलंय की मैदान बघितलं, ड्रेसिंग रूममध्ये सामान ठेवलं, एवढंच त्याला आठवतं, पुढचं काहीच नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डेव्हिड लुईझ त्याच मॅचमध्ये डोक्याला पट्टी बांधून, रक्त येत असताना हाफ टाइमपर्यंत खेळत राहिला. त्यावरून इंग्लंडमध्ये प्रचंड टीका झाली, आणि फेब्रुवारी 2021 पासून प्रीमियर लीगने कन्कशन सबस्टिट्यूट चालू केला, म्हणजे डोक्याला मार लागलाय असा संशय आला तरी प्लेयर बाहेर काढायचा आणि त्याच्या बदल्यात दुसरा पाठवायचा, तो तुमच्या नेहमीच्या सब्समध्ये मोजायचा नाही. या नियमाची चर्चा आधीपासून चालू होती, पण त्या दिवसाने सगळ्यांना हलवलं. आपल्याकडच्या लोकल टुर्नामेंटमध्ये अजूनही पोराच्या डोक्याला लागलं की तोंडावर पाणी मारून, स्प्रे मारून परत उतरवतात. कृपा करून असं करू नका. चक्कर, उलटी, विचित्र बोलणं, काहीही दिसलं तरी बाहेर काढा आणि डॉक्टरकडे न्या, मॅच हरलात तरी चालेल.

तर परत येणं. पुढचे काही महिने तो हळूहळू ट्रेनिंगला लागला, पळणं, मग बॉल, पण हेडिंग आणि धक्काबुक्की बंद, कारण हाड भरायला वेळ द्यावाच लागतो, त्याला शॉर्टकट नाही. तो अख्खा सीझन गेला. ऑगस्ट 2021 ला लेस्टरविरुद्ध तो उतरला तेव्हा डोक्याला काळा प्रोटेक्टिव्ह हेडबँड, आणि तो आजपर्यंत त्याच्या डोक्यावर आहे, स्टाइलसाठी नाही, फ्रॅक्चर झालेल्या जागेला संरक्षण म्हणून. 26 सप्टेंबर 2021 ला साउथॅम्प्टनला गोलकीपर जोझे साकडून लांब बॉल आला, त्याने घेतला, डिफेंडर्सना फसवत आत शिरला आणि गोल केला, मॅच 1-0 जिंकली. सगळ्या बातम्या इथे संपतात, हॅपी एंडिंग म्हणून.

पण खरी कसोटी त्यानंतर होती. त्या सीझनला लीगमध्ये फक्त 6 गोल. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध एका मिनिटाच्या आत दोन यलो कार्ड घेऊन बाहेर गेला, मार्चमध्ये लीड्सविरुद्ध टीम 2-0 पुढे असताना परत रेड कार्ड आणि ती मॅच 3-2 हरले. त्याचा स्वभाव बघता हे मला घाईचं लक्षण वाटलं, सगळं एकदम परत मिळवायची घाई. 2022-23 ला तर कंबर आणि जांघेच्या दुखण्याने हैराण, आणि लीगमध्ये गोल किती? शून्य. अख्ख्या सीझनमध्ये शून्य. 2022 च्या वर्ल्ड कपला त्याला घेतलं आणि डच क्लब फेयेनूर्डकडून गोल मारत असलेल्या सांतियागो हिमेनेझला (हा वेगळा स्ट्रायकर) बाहेर ठेवलं म्हणून कोच तातो मार्तिनोवर मेक्सिकोत खूप राग निघाला, वरून टीम ग्रुपमध्येच बाहेर, 1978 नंतर पहिल्यांदा. फॉर्म बघून निवडायचं तर तो राग बरोबरच होता, मी त्याचा फॅन असून सांगतो. पण सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं गेलं ते काही पटलं नाही, तो तर बेंचवरून उतरत होता.

2023 ला फुलहॅम या लंडनच्या क्लबने राऊलला घेतलं, अगदी थोड्या पैशात, वुल्व्हजने 2019 ला कायमचा घेताना जे मोजलेले त्याच्या साधारण सहाव्या हिश्शात. काही दिवसांनी त्यांचा स्ट्रायकर मित्रोविच सौदीला गेला आणि सगळा भार याच्यावर आला. तिथे पण पहिला गोल नोव्हेंबर उजाडला तेव्हा, अॅस्टन व्हिलाविरुद्ध. पण कोच मार्को सिल्वाने त्याला गोल नसताना पण खेळवत ठेवलं, आणि इथेच गोष्ट वळली असं माझं मत आहे. डिसेंबरपासून गोल यायला लागले, सीझनला 7 झाले. 2024-25 ला 12 गोल, आणि लीगच्या सगळ्या 38 मॅचेसमध्ये उतरला. कवटी फुटलेला, दोन वर्षं दुखण्यात घालवलेला माणूस 33 व्या वर्षी एकही मॅच चुकवत नाही, हे मला गोलपेक्षा मोठं वाटतं. त्याच सीझनमध्ये प्रीमियर लीगमधल्या मेक्सिकन प्लेयर्समध्ये सगळ्यात जास्त गोलचा चिचारितोचा (हावियेर हर्नांदेझ) 53 चा रेकॉर्ड पण त्याने मोडला.

मग वेगळा म्हणजे काय? 2019 चा हिमेनेझ अर्ध्या मैदानातून काउंटर अटॅकला पळायचा, आताचा तेवढं पळत नाही. जागा निवडतो, एक टच कमी घेतो, डिफेंडरच्या अंगाला अंग लावून बॉल सांभाळून ठेवतो आणि टीमला वर यायला वेळ देतो. हेडरला अजूनही उडतो, अजिबात कचरत नाही. आणि त्याच्या पेनल्टी बघा, हळूहळू येतो, मध्येच छोटी उडी घेतो, नजर कीपरवर, कीपर हलला की दुसरीकडे आरामात ढकलतो. 2020 ला सेविलाविरुद्ध युरोपा लीगच्या क्वार्टर फायनलला सेविलाचा कीपर बोनोने त्याची पेनल्टी अडवलेली आणि वुल्व्हज 1-0 हरून बाहेर गेले, तरी स्टाइल बदलली नाही त्याने.

मेक्सिकोसाठी 2025 तर त्याचंच वर्ष म्हणा. मार्चमध्ये नेशन्स लीग (गोल्ड कपवाल्याच देशांची दुसरी स्पर्धा), सेमी फायनलला कॅनडाविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, फायनलला पनामाविरुद्ध 2-1, परत दोन्ही त्याचेच, दुसरा इंजुरी टाइममधल्या पेनल्टीवर. मेक्सिकोने ही स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली. जुलैमध्ये गोल्ड कप, सेमीला होंडुरासविरुद्ध एकमेव गोल त्याचा, फायनलला ह्यूस्टनमध्ये अमेरिका 1-0 पुढे असताना बरोबरीचा गोल त्याचा, मग एडसन अल्वारेझने जिंकून दिलं. त्याच्या तीनच दिवस आधी जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेले होते. गोल झाल्यावर हिमेनेझने जोटाच्या नावाची 20 नंबरची जर्सी वर धरली. वुल्व्हजच्या त्या दोन सीझनमध्ये या दोघांची जोडी ज्यांनी पाहिली होती त्यांना तो सीन बघणं खूप जड गेलं.

मेक्सिकोसाठी आता त्याचे 40 च्या वर गोल आहेत. तुम्हाला त्याचा गेम समजून घ्यायचा असेल तर यूट्यूबवरच्या गोल कंपायलेशनवर थांबू नका, 2019-20 ची वुल्व्हजची एखादी पूर्ण मॅच आणि 2024-25 ची फुलहॅमची एखादी पूर्ण मॅच पाठोपाठ बघा, आणि बॉल त्याच्याकडे नसताना तो कुठे उभा आहे तेवढंच बघत राहा. वेळ नसेल तर निदान त्या पनामाविरुद्धच्या नेशन्स लीग फायनलचा पहिला गोल बघा, आठवं मिनिट, हेडर आहे.